नवीन विंडोज पहिल्यांदा बघितली तेव्हा तुमच्या तोंडून काय निघालं?

पूर्णाकाठ:
परवा सेलूला खतबियाण्याच्या दुकानात गेले होते. काउंटरवर जुना डबडा मॉनिटर आणि त्याच्यावर ती हिरवी टेकडी, निळं आभाळ. विंडोज एक्सपी! अजून चालू! मालक म्हणाले, "नेट लावतच नाही ना ताई त्याला. बिलं निघायलेत, बस झालं." बिल होईस्तोवर मी मनानं परभणीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आले.

तिथं आधी ९८ होती. मराठी काम सगळं सुरेख नाहीतर योगेश फॉन्टात, रेमिंग्टनच्या कळांवर. एक्सपी बाजारात आली २००१ च्या ऑक्टोबरात, आमच्या सरांनी आणली बरीच उशिरा. पहिल्या दिवशी सगळ्या बॅचचं एकमत: हे तर लेकरांच्या खेळण्यावाणी दिसायलंय. एवढा निळा पट्टा, एवढं मोठं हिरवं बटण! सरांनी तर आधी क्लासिक थीम लावून तिचा सगळा रंगच काढून टाकला आणि मग हजेरी घेतली.

खरी मजा मराठीची. मंगल फॉन्ट आत होता, पण टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागं सुटी पडायची, जोडाक्षराचे तुकडे. मग कुणीतरी सांगितलं की कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल लँग्वेजला जाऊन एक टिक करायची. त्या टिकेच्या ओळीत 'थाई धरून' असं लिहिलेलं. सर म्हणे, "थाई कशाला? आपल्याला नको ती." टिक केली तर मशीन म्हणतंय सीडी घाला. सीडी कुठंय? सरांच्या साडूकडं, गंगाखेडला. पुढच्या आठवड्यात सीडी आली आणि पडद्यावर 'जिल्हाधिकारी' असं सलग, न फुटता उमटलं. सगळी पोरं सरांच्या खुर्चीमागं गोळा झाली होती.

तर सांगा आपापलं. कुठलीही चालेल, ९५ पासून ११ पर्यंत.

मोंढ्यातला:
९५ पासून म्हणालात म्हणून लिहितो. जालन्यात आडत दुकानावर होतो. शेतकऱ्याची हिशेबपट्टी डॉसवर (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांची सिस्टीम), फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रामात. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. मालकाच्या पोरानं पुण्याहून ९५ वालं मशीन आणलं. आमच्या दिवाणजींना त्यात पट्टीचा प्रोग्राम छोट्या चौकटीत दिसला. ते म्हणाले, "माझा पडदा एवढुसा कुणी केला?" पोरानं ऑल्ट-एंटर दाबून पूर्ण काळा करून दिला. त्यानंतर दिवाणजींनी दोनेक वर्षं तरी ९५ बघितलीच नाही. सकाळी आले की ऑल्ट-एंटर.

बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता मशीन बंद करायला हरकत नाही म्हणून. दिवाणजी त्या अक्षरांना मान द्यायचे. ती आल्याशिवाय बटणाला हात नाही, मग बाहेर रिक्षा थांबलेली असो.

पण लाइटला कोण सांगणार? ९८ आल्यावर तर लाइट गेली की पुढच्या वेळेला चालू करताना निळं स्कॅनडिस्क. हर्रासी झालेली, बैलगाड्या वळलेल्या, माणूस पट्टीसाठी उभा, आणि आमचं मशीन हार्डडिस्क तपासतंय. शेवटी हातानं पट्टी फाडून द्यायची. तेव्हा भारनियमन काय होतं हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही.

चिंचेचं_बन:
हौ ना! आमच्याकडं तर वेळापत्रक कॉम्प्युटरच्या शेजारी भिंतीला चिटकवलेलं असायचं 😀

रानवारा:
त्या हिरव्या टेकडीवरून आठवलं. माझ्या आजीनं पहिल्यांदा एक्सपी बघितली तेव्हा विचारलं, "हे कुणाचं रान हाय? पडीक का ठेवलंय?" आम्ही हसलो. ती नाही हसली. एवढा पाऊस आणि पेरा नाही, हे तिच्या डोक्यातच बसेना. नंतर २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर तीच टेकडी होती. बघवत नव्हती. मी काळा वॉलपेपर लावला.

खुंटकलम:
@रानवारा आजी बरोबर होत्या! तो फोटो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातला, चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ ला काढलेला. तिथं आधी द्राक्षबाग होती. फायलोक्सेरा नावाची कीड मुळाला लागते, त्यात वेली गेल्या, काढून टाकल्या, म्हणून नुसतं गवत. पुढं परत बाग लावली तिथं. म्हणजे मधल्या पडीक वर्षांचा फोटो आपण सगळे बघत बसलो.

रानवारा:
काय सांगता! आजी असती तर म्हणली असती, "म्या काय म्हणलं होतं?"

चिंचेचं_बन:
@खुंटकलम तुमची बाग कुठं? आमच्या मेहुण्यांनी तुळजापूरकडं लावलीय, पाणी खारट आहे. काय करावं?

खुंटकलम:
डॉगरिज खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात तो) असेल तर बराच तग धरतो खाऱ्या पाण्यात. पण आधी पाणी-माती तपासून घ्या म्हणावं. मेसेज टाका, इथं विंडोजवाले चिडतील.

शेवंता:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. विंडोज ८. माझे वडील उदगीरला, शाळेतून रिटायर झालेले. २०१३ च्या उन्हाळ्यात लातूरहून लॅपटॉप घेतला. पहिल्या रात्री फोन. "बाई, हे बंद कुठून करायचं?" स्टार्टचं बटणच नाही! नुसत्या रंगीत फरश्या. मी पुण्याहून सांगतेय, उजव्या कोपऱ्यात माऊस न्या, वर सरकवा, पट्टी येईल, तिच्यात सेटिंग, मग पॉवर. ते म्हणाले, "पट्टी आली... गेली. आली. गेली." मागून आई, "अहो, झाकण लावा न् झोपा."

मग त्यांनी काय केलं, वहीत निळ्या शाईनं लिहून काढलं. मथळा 'संगणक बंद करणे'. खाली १, २, ३, ४. कोपऱ्यातल्या पट्टीचं चित्र, शेजारी बाण. वही लॅपटॉपच्या बॅगेत. ऑक्टोबरात ८.१ आली, बटण परत आलं. मी खूश होऊन सांगितलं, आता बटणावर राइट क्लिक करा, तिथंच शटडाउन आहे. त्यांनी पूर्वीच्या पानावर तिरकी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, तारीख टाकली, सही केली. नवीन पान सुरू.

१० चं पान पण आहे. ११ चं पण. शिट्टी झाली, जाते.

मोंढ्यातला:
सही केली 😂😂 खरे हेडमास्तर!

शेवंता:
हेडमास्तर नव्हते हो, गणिताचे होते.

अर्धवट_इंजिनिअर:
नांदेड, हॉस्टेल, २०१०. आमच्यात विंडोज वापरणारा म्हणजे कच्चा असं समजायचे. उबुंटूच्या (विंडोजऐवजी टाकायची फुकटची लिनक्स सिस्टीम) सीड्या तेव्हा फुकट घरपोच यायच्या, साइटवर पत्ता टाकला की परदेशी पाकीट यायचं. पोस्टमनकाका विचारायचे, "नोकरीचं का?" एकानं तर घरी तेच सांगितलं होतं.

उबुंटूची १०.०४ टाकली आणि हाहाकार. खिडकी बंद करायचं बटण डावीकडं नेलेलं! रात्रभर वाद, डावं बरं का उजवं. एक जण म्हणाला, सवय होईल. दुसरा म्हणाला, आईनं पोळीचा डबा जागेवरून हलवला तर तू जेवतोस का? त्यात वायफाय ओळखेना, एमपीथ्री वाजेना, कोडेक (गाणं वाजवायला लागणारा प्रोग्राम) डाउनलोड करायचा तर नेट पाहिजे आणि नेट वायफायवर. आता कळलं ना लोक विंडोजला का चिकटून राहिले. पण मी शिकलो ते त्याच रात्री शिकलो, ड्रायव्हर म्हणजे काय, टर्मिनल म्हणजे काय. आज पोट त्याच्यावरच आहे.

चिंचेचं_बन:
नांदेडला कुठल्या हॉस्टेलला? माझा भाचा पण होता.

अर्धवट_इंजिनिअर:
सांगितलं तर रेक्टर अजून ओळखतील. 🙏

आडगल्ली:
व्हिस्टाचं कुणीच कसं नाही काढलं? २००७. भावजीनं औरंगाबादहून आणलेला पीसी, ५१२ एमबी रॅम. कागदावर तेवढ्यात चालायची ती, म्हणजे चालायचीच नाही. काही उघडायला गेलं की पडदा अंधारायचा आणि विचारायचं, परवानगी देता का. भावजी दर वेळेला मोठ्यानं "दिली" म्हणायचे. गावात अजून त्यांना दिली-भावजी म्हणतात. महिनाभरात त्याच दुकानातून एक्सपी टाकून आणली, वरून चारशे रुपये घेतले. पुढं ७ आली २००९ ला, तीच व्हिस्टा नीट करून दिल्यासारखी, आणि सगळे म्हणाले वा वा.

रानवारा:
७ सारखी नाही झाली परत.

मोंढ्यातला:
हेच आमचे दिवाणजी डॉसबद्दल म्हणायचे.

सेतूवाली:
तुमच्या सगळ्या गमती झाल्या, माझं चालू आहे ते ऐका. बीड जिल्ह्यात केंद्र आहे माझं. उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, पीकविमा. १० चं फुकट अपग्रेड २०१५ ला आलं तेव्हा जिओ यायचं होतं. डोंगलवर एक जीबी महिनाभर पुरवायचो आम्ही. आणि हे आपलं आपण मागून उतरवून घ्यायलंय! सकाळी रांग लागलेली आणि डाटा संपलेला. मग एका पोरानं मीटर्ड कनेक्शनची (म्हणजे डाटा मोजका आहे, जपून वापर) टिक दाखवली. त्या टिकेनं मला वाचवलं.

आता १० चा सपोर्ट संपला, १४ ऑक्टोबर २०२५ ला. माझी दोन मशीनं, एक सहाव्या जनरेशनचं, एक आठव्या. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून. म्हणजे एक पास, एक नापास. नापासवालंच जास्त चांगलं चालतं! पासवाल्यावर ११ टाकली तर स्टार्ट मधोमध, राइट क्लिक केलं की अर्धा मेनू आणि खाली 'अजून दाखवा'. अहो, आधीच दाखवा ना. टास्कबार वर न्यायची सवय होती मला, खाली कागद झाकतो म्हणून. ते पण बंद केलं तेव्हा.

अर्धवट_इंजिनिअर:
ताई, स्टार्ट डावीकडं आणता येतं. टास्कबार सेटिंगमध्ये अलाइनमेंट बघा. नापासवाल्याला १० ची सुरक्षेची मुदतवाढ एक वर्षाची मिळते, अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसेल. तोवर नवीन मशीनचं बघा. का लिनक्स मिंट टाकून देऊ, उबुंटूसारखीच असते?

सेतूवाली:
मिंटवर बोटाच्या ठशाचं यंत्र चालेल का?

अर्धवट_इंजिनिअर:
... ते नाही सांगता येत. ड्रायव्हर विंडोजचाच देतात बहुतेक.

सेतूवाली:
मग राहू द्या. मुदतवाढच बघते. रांग आहे.

शेवंता:
आले परत. वडिलांना धागा वाचून दाखवला. ते विचारतायत ती मीटर्डची टिक नेमकी कुठं असते. वही घेऊन बसलेत.

सेतूवाली:
सेटिंग, नेटवर्क, मग जे वायफाय चालू आहे त्याच्यावर क्लिक. खाली जा. त्यांना म्हणावं हळू लिहा, दाखला छापून झाला की पुढचं सांगते.