फूप्रो (फूड प्रोसेसर): माळ्यावरचा की ओट्यावरचा? तुमचे अनुभव सांगा

शेवंती
परवा माळा आवरायला घेतला आणि एक खोका हाती लागला. वर आईच्या अक्षरात "फूड प्रोसेसर. जड आहे. एकटीने काढू नये." मी एकटीनेच काढला, अर्थात. आत सगळे भाग जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळलेले आणि प्रत्येक चकतीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. "कीस, बारीक." "काप, जाड. काकडीला नको." आणि एकीवर नुसतंच, "ही कशाची?"

आईची बोटं दुखायला लागली तेव्हा बाबांनी आणला होता. कणीक मळताना ती मधेच थांबून मुठी उघडमीट करायची. बाबांनी ते पाहिलं असणार, बोलले काहीच नाहीत. एक दिवस खोका घेऊन दारात उभे. आई आधी चिडली ("आणि हे सगळं धुणार कोण?"), मग कित्येक वर्षं रोज वापरला. झाकण बसवायचं काम माझं. टक्क वाजेपर्यंत फिरवलं नाही तर मशीन सुरूच व्हायचं नाही, आणि मला वाटायचं ते फक्त माझं ऐकतं.

तर काल धुऊनपुसून लावला. चालला! कणीक टाकली, वीस सेकंद फिरला आणि जळका वास येऊन बंद. संपला का हो तो? आणि तुमचा कुठे राहतो, खरंच रोज वापरता का, तेही लिहा.

कडूकारले
संपला असं लगेच धरू नका. ताण जास्त झाला की मोटर आपोआप बंद होण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. प्लग काढा, अर्धापाऊण तास गार होऊ द्या. बुडाशी लहान बटण दिसलं तर ते दाबा आणि मग रिकामाच फिरवून बघा. पट्ट्यावर चालणारा असेल तर रबरी पट्टा इतक्या वर्षांनी सैल पडला असेल, तो घसरला तरी असाच वास येतो. धूर आला तर मात्र हट्ट सोडा.
कणीक किती टाकली होती?

शेवंती
भांडं भरून 🙈

कडूकारले
मग मशीनचं काय चुकलं!

सायसाखर
माझा ओट्यावर. कपाटात होता तोवर वर्षातून चारदा निघायचा. ओट्यावर आणला आणि रोज लागायला लागला. मशीन तेच, मी तीच. वाकून, उचलून, वायर सोडवून मग कांदा चिरायचा, तेवढ्यात सुरीने चार कांदे होतात ना.

भर_दुपारी
+१००० सायसाखर. वायर सोडवणं हेच खरं काम आहे

चष्मिस
कणकेचं माझ्याकडून घ्या, बरीच वाया घालवून शिकलेय. आधी कोरडं पीठ, मीठ, थोडं तेल, भांडं अर्ध्याच्या आतच. कणकेचं पातं वेगळं असतं, बोथट, ते लावायचं. झाकण लावून मशीन सुरू, मग वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने. आधी पीठ भिंतीवर उडाल्यासारखं फिरतं, मग वाळूसारखं होतं, मग एकदम गोळा होऊन भांड्यावर धपधप आपटायला लागतं. तो आवाज आला की बंद! आणखी मऊ होईल म्हणून फिरवत राहिलात तर कणीक गरम होते आणि चिकट. बाहेर काढून हाताने दोनचार वेळा मळायची, झाकून ठेवायची. एवढंच.
पाणी एकदम ओतू नका. एकदा ओतलं होतं, खालच्या दांड्यापाशी जे साचलं ते काढायला टूथपिक लागली.

निवांत_नाना
आमच्याकडे मी एकटाच. एका माणसाच्या स्वयंपाकाला मोठं भांडं उपयोगाचं नाही. एक कांदा टाकला तर तो कडेला जाऊन बसतो, पातं मधे आपलं फिरतंय. कांदा तिकडून पातं बघतोय, पातं इकडून कांदा. शेवटी छोटं भांडं असलेला घेतला. हिच्या वेळचा मोठा देऊन टाकला. द्यायला नको होता असं अधूनमधून वाटतं, पण जागा नाही.

सायसाखर
नाना 🙏 चार दिवसांचा कांदा एकदम करून फ्रीजमध्ये ठेवता येईल की.

निवांत_नाना
करून पाहिलं. दुधाला कांद्याचा वास आला.

भर_दुपारी
😂😂 घट्ट झाकणाचा डबा नाना!

उंबराचं_फूल
कांदा म्हटलं की सगळे तेच चुकतात. बटण धरून ठेवायचं नाही. चार फोडी करायच्या, एकसारख्या, आणि पल्सचं बटण दाब-सोड, दाब-सोड, पाचसहा वेळा. मधे एकदा कडेचं खाली ढकलायचं. सलग फिरवला की खाली पाणी आणि वर अख्ख्या फोडी. तसला कांदा परतायला गेलात तर तो शिजतो, परतला जात नाही.
गाजराचं पण: नळीत उभं घातलं तर कीस आखूड पडतो, आडवं घातलं तर लांब. हे मला सहा वर्षांनी कळलं.

बाळूचीआई
नवरोबांनी उकडलेले बटाटे फिरवले होते यात. डिंक!! चमचा उभा राहिला. वहीची फाटलेली पानं चिकटवता आली असती. आणि वर म्हणे "बघ किती एकजीव झालंय".

कडूकारले
पातं जोरात फिरलं की बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो, त्याची खळ होते. बटाटा हातानेच कुस्करावा. नवरोबांना निरोप द्या.

बाळूचीआई
निरोप दिला. ते म्हणतात "कोण आहे हा कडूकारले?"

जुनापुराणा
थोडं अवांतर. हे यंत्र मुळात हॉटेलांच्या भटारखान्यासाठी निघालं, फ्रान्समध्ये. पिएर व्हर्दों हे त्यामागचं नाव, आणि मशीनचं नाव रोबो-कूप. घरगुती मॅजिमिक्स त्यानंतर आलं. अमेरिकेत १९७३ साली कार्ल सॉन्थायमर नावाच्या इंजिनियरने क्विझिनार्ट या नावाने ते आणलं. म्हणजे शेवंतीताईंच्या बाबांनी घरात आणलं ते मूळचं शेपन्नास माणसांचं जेवण करणाऱ्यांचं हत्यार.

भर_दुपारी
आणि नाना त्यात एक कांदा टाकतायत

निवांत_नाना
😄

मंजिरी७
कुकर लावलाय, शिट्टी झाली की येते. मला लिहायचंच आहे यावर

सायसाखर
धुण्याबद्दल कोणी बोलत नाहीये! आधी कोरडं, मग ओलं, वास येणारं सगळ्यात शेवटी. दाणे, मग गाजर, मग कांदा-लसूण. मधे नुसतं पुसलं तरी चालतं, धुणं एकदाच. काम झाल्या झाल्या भांड्यात पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दोन-तीनदा पल्स करा, निम्मं आपोआप निघतं.

उंबराचं_फूल
फक्त पातं सिंकमध्ये सोडू नका. फेसात दिसत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तीन टाके आहेत माझ्या. डॉक्टरांनी विचारलं कशाने कापलं, म्हटलं भांडी घासताना. ते हसले, मी नाही.

चष्मिस
आई गं. माझ्याकडे पातं नेहमी ओट्याच्या एकाच कोपऱ्यात, पांढऱ्या ताटलीत. घरात सगळ्यांना माहीत आहे, त्या ताटलीला हात लावायचा नाही.

बाळूचीआई
हळदीने भांडं पिवळं झालंय, काय करू

सायसाखर
तेल चोळून ठेव, मग साबण, मग उन्हात. दोनतीन दिवसांत बरंच उतरतं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

खटपट्या
कोरडे मसाले यात दळू नका कोणी, मिक्सर आहे त्याला. मी दळले. भांड्याला आतून असे ओरखडे पडलेत की आत काय चाललंय तेच दिसत नाही. आणि आवाज! आमचं मांजर तेव्हापासून वायर दिसली तरी पलंगाखाली.

भर_दुपारी
मांजराचा फोटो टाका

खटपट्या
पलंगाखाली आहे म्हटलं ना

शेवंती
आले आले. कडूकारले, गार करून अर्धीच कणीक घातली, चालला! धपधप आवाजही आला, चष्मिस 🙏. आता कोणीतरी "ही कशाची?" सोडवा. चकती आहे, पण धार नाही, भोक नाही, नुसते दोन उंचवटे.

उंबराचं_फूल
साय किंवा अंड्याचं पांढरं फेटायची असणार. काही मशीनबरोबर येते. कोणीच वापरत नाही.

शेवंती
आईला फोन करून सांगितलं. तिला त्या चकतीचं काही पडलेलं नाही. म्हणाली, "माळ्यावर कशाला चढलीस एकटी?" मग म्हणाली, "दट्ट्या सापडला का?" नळीतून भाजी ढकलायचा दट्ट्या. खोक्यात नव्हता. मी म्हटलं नाही. तर म्हणे, "तुझ्या पिठाच्या डब्यात बघ."

माझ्या पिठाच्या डब्यात जे माप आहे, ज्याने मी लग्नानंतर रोज पीठ मोजतेय, आईनेच दिलेलं, तेच ते. आत्ता नळीत घालून पाहिलं. बरोब्बर बसतंय.

बाळूचीआई
😂😂😂 आता पीठ कशाने मोजणार?

शेवंती
तोच प्रश्न पडलाय

मंजिरी७
शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचंच राहिलं, वाचत बसले. भात खाली लागला. माझा फूप्रो माळ्यावर आहे, उद्या लिहिते.