अनुभव धागा: दारू सोडणाऱ्यांच्या संगतीत वाद पेटला की काय करता?

गावातल्या मंडळीत (चर्चमध्ये) अशी संगती चालवणाऱ्यांनी लिहावं. नेमकं लिहा, उपदेश नको.

पाळक, वाशीम जिल्हा:
सगळ्यात घातक वाद म्हणजे ‘दारूचं व्यसन हे दुरात्म्याचं काम की आजार?’ तो रंगतो आणि समोरच्याच्या थरथरत्या हातांकडे कोणाचं लक्ष जात नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की ६-८ तासांत घाम, मळमळ, थरथर सुरू होते. झटके बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, त्यात जीवही जातो. म्हणून आधी विचारा: शेवटची कधी घेतली, रोज किती, पूर्वी झटका आला होता का, रात्री सोबत कोण? झटका आलेला असेल तर सरळ रुग्णालय गाठा, गावातल्या सलाइनवर भागवू नका. प्रार्थना गाडीतही होते. औषध म्हणजे अविश्वास म्हणणाऱ्याला एवढंच सांगावं, की शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

संगती चालवणारी ताई, मेळघाट:
प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीला) द्राक्षारस आंबलेला की बिनआंबलेला, हा वाद जिंकायची गरजच नाही. पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळून गाळा. उन्हाळ्यात आदल्या दिवशी करून ठेवू नका, आंबतो. आणि तोच रस सगळ्यांना द्या. एकट्याला वेगळा दिला की तो मंडळीसमोर उघडा पडतो.

मंडळीतले वडील, यवतमाळ:
एकानं पाच मिनिटं बोलायचं, मधे कोणी सल्ला द्यायचा नाही. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, हे वहीच्या शेवटच्या पानावर टिपायचं आणि नंतर पाळकांसोबत बोलायचं. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. त्यावरही तासच्या तास जातो. १८४० ला अमेरिकेत बाल्टिमोरात निघालेली दारू सोडणाऱ्यांची वॉशिंग्टोनियन चळवळ अशाच बाहेरच्या वादांत ओढली गेली अन् काही वर्षांत विरली. बायबलात पौलानं तीमथ्याला लिहिलंच आहे, मूर्खपणाचे वाद टाळ, त्यातून भांडणं होतात (२ तीमथ्य २:२३).

एक बहीण, बुलढाणा:
प्यालेल्या माणसासमोर बायबलचं वचन काढू नका. सकाळी, पोटात काही गेल्यावर, एकच गोष्ट बोला. जेवणात लपवून गोळी तर मुळीच देऊ नका. डिसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीवर दारू पडली की रक्तदाब एकदम उतरू शकतो. कापसाचा चुकारा हाती येतो तो आठवडा जोखमीचा. त्याच्या संमतीनं पैसे घरच्या खात्यात टाकून घ्या, बाजाराच्या दिवशी कोणी सोबत जा. घरी कोणी नसलंच तर १४४४६ ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे, नंबर भिंतीवर लिहून ठेवा.