चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दिवाळीचा किल्ला: लहान मुलांना घेऊन कसा करावा?

निशिगंध_डोंबिवली

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीत घरी किल्ला करायचाच असं ठरवलंय. लेक सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. माझं बालपण मिरजेला वाड्यात गेलं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आलं की त्याच संध्याकाळी भाऊ आणि आतेभावंडं अंगणात माती कालवायला बसायची. आता आमची ग्रिलची बाल्कनी, पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद. खाली सोसायटीच्या आवारात मातीकाम करू देत नाहीत.

बाजारात तयार किल्ले मिळतात, पण ते आणून वर दोन मावळे उभे करायचे, यात मुलांच्या हाताला काय लागणार? मला त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात बघायचेत. तर माती किती आणि कुठून आणू? पाणी खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून काय करतात? आणि चार वर्षांच्या मुलाला खरंखुरं काम काय देता येईल? नुसतं 'तू बघ हं' म्हणून बाजूला बसवायचं नाहीये.

चिंचबन

नर्सरीत लाल माती पोत्याने मिळते, एक पोतं पुरे. सगळा डोंगर मातीने भरायचा नसतोच. आत विटा, दगड, उलटी ठेवलेली जुनी घमेली, आणि वरून गोणपाट. पुठ्ठ्याचे खोके वापरू नका, ओल लागली की बसतात. खाली जुना फ्लेक्स अंथरा, चारही कडा वर दुमडून आतून विटा लावा, म्हणजे पाणी आतल्या आत राहतं. गोणपाट किराणा दुकानात मागितलं तर मिळतं.

मेटावरचे_आजोबा

ताई, तुमचा धागा वाचून फार आनंद झाला. मी साताऱ्याचा. आमच्या घरी आधी मुलांबरोबर आणि आता नातवंडांबरोबर किल्ला होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

किल्ला राजगडाचा करा. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला, पण त्याआधी राजधानी राजगडच होती. आणि लहान मुलांना तो समजतो. फ्लेक्सवर तुमचा पंजा ठेवा आणि तीन बोटं फाकवा. तळवा म्हणजे बालेकिल्ला, बोटं म्हणजे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या डोंगराच्या तटबंद सोंडा. लेकीला खडूने तुमच्या हाताभोवती रेघ मारू द्या, मग तोच आकार मोठा करून विटा रचायच्या. नकाशा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता धाकट्याचं काम. काला त्याचा. घमेल्यात माती आणि पाणी घालून बोटाला धरून राहील इतका दाट काला त्यानेच कालवायचा. त्यात गोणपाट बुडवून विटांवर पसरलं की त्याच्या चुण्या पडतात. त्या चुण्यांतच कडे आणि घळी आपसूक तयार होतात, हाताने कोरून तसे होत नाहीत. वरून मुठी मुठीने माती थापायची, तीही त्यानेच.

सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. माची ओली असताना धाकट्याला त्यात बोट आरपार घालू द्या. बोट पलीकडे निघालं की त्याचा चेहरा बघा! संजीवनीची तटबंदी दुहेरी आहे, एका भिंतीच्या आत दुसरी. ते काम लेकीचं. सात वर्षांच्या मुलीला दोन समांतर भिंती छान जमतात.

दरवाजा मात्र रायगडाच्या महादरवाजाच्या धर्तीवर गोमुखी करा, कारण तो खेळून कळतो. दोन बुरूज असे वळवायचे की समोरून दार दिसताच कामा नये. मग मुलांच्या हातात मातीचा हत्ती द्या आणि म्हणा, दाराला धडक मारून दाखव. हत्तीला वळण घ्यावं लागतं, धावायला जागाच उरत नाही आणि वरून दोन्ही बुरुजांवरचे मावळे त्याच्यावर दगड टाकायला मोकळे! माझ्या नातीने हत्ती तीन बाजूंनी आणून पाहिला आणि मग म्हणाली, "आजोबा, हे दार लपलंय." पुढे खऱ्या गडावर गेली तेव्हा तिने मला हात धरून तो कोन दाखवला.

हिरवळीला हळीव घ्या. मोहरी उतारावरून घरंगळते आणि गव्हावर कबुतरं येतात. हळीव अर्धा तास भिजवले की त्यांना बुळबुळीत चीक सुटतो, आणि त्या चिकामुळे ते उभ्या कड्यालाही धरून बसतात. धाकट्याने चिमटीने दाबून लावायचे. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी लावा, रात्री ओलं फडकं झाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि दिवाळीत गड हिरवागार असतो. पाणी तांब्याने ओतू नका, हातानेच शिंपडा.

आणि ताई, एक गोष्ट मनापासून सांगतो. मुलांनी थापलेला बुरूज वाकडा असेल तर वाकडाच राहू द्या. रात्री ती झोपल्यावर आपण तो नीट करायचा नाही. सकाळी उठून मूल आधी आपलाच बुरूज बघायला धावतं, आणि त्यावर आपल्या बोटांचे ठसे नसले तर त्याला ते कळतं.

टेम्सकाठची_मीनल

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. दिवाळीत इथे थंडी, म्हणून किल्ला खिडकीशी टेबलावर. हळीव इथे साध्या दुकानात मिळतात, शाळेत मुलं ते ओल्या कापसावर पेरतात, त्यामुळे माझ्या मुलाला ते आधीच ओळखीचे होते. जागा कमी असेल तर सिंधुदुर्ग करून पाहा. डोंगर लागतच नाही! मोठ्या ट्रेमध्ये निळा कागद, मधोमध कुरटे बेट, त्याच्या काठाने नागमोडी तट. काम 1664 ला सुरू झालं, हे मुलाने तटाशेजारी चिठ्ठी खोचून लिहिलं. 2025 ला जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत राजगड आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. लेकीला त्या बारांतून निवडू द्या, पुढच्या वर्षीचा प्रश्नही सुटेल.

निशिगंध_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. राजगड नक्की! लेकीने वहीत माझ्या पंजाची रेघ मारूनही ठेवली आहे. आजोबा, दोन शंका. धाकट्याला गडावर त्याचा डायनासोर ठेवायचाय आणि ताई त्याला मुळीच ठेवू देत नाहीये. त्यावरून सकाळपासून घरात युद्ध आहे. आणि दिवाळी झाल्यावर त्या मातीचं काय करू?

मेटावरचे_आजोबा

डायनासोरला पायथ्याच्या रानात जागा द्या. गडावर महाराज, दाराशी पहारेकरी, खाली गुंजवणे गाव, गावाशेजारी रान. रानात तो राहील आणि ताईचा गडही शाबूत राहील. रान कुठवर आणि गाव कुठून, ती हद्द दोघांनी मिळून रांगोळीने आखायची.

पाण्याची हौस असेल तर मत्स्यपेटीची बारीक नळी आणा. मागे उंचावर पाण्याची बाटली टांगा आणि नळी चुण्यांतून लपवून पद्मावती माचीवरच्या तळ्यात सोडा. तळं म्हणजे वाटीच, पण काठ मातीने लिंपून घ्या. बाटलीचं बूच उघडायचा मान दोघांना आळीपाळीने.

तुळशीचं लग्न होईपर्यंत किल्ला ठेवा. मग माती सुकली की मुलांकडूनच फोडून घ्या, तेही त्यांना तितकंच आवडतं. चाळून कुंड्यांत घाला. गोणपाट धुऊन वाळवलं की पुढच्या वर्षी चालतं. मावळे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, मध्ये भुसा. महाराजांची मूर्ती तेवढी वेगळ्या डब्यात ठेवा, सिंहासनाची पाठ फार लवकर तुटते.