यांकीज परवडत नसतील तर ब्रिजवॉटर गाठा

बरेच जण म्हणतात की न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाचेच सगळे सामने बघून होत नाहीत, त्यांचे खालच्या पातळीवरचे संघ कोण बघणार? माझं नेमकं उलट झालंय. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रियट्स आहेत, २०२१ पासून यांकीजचा डबल-ए (मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा) संघ. मैदान रेल्वे स्टेशनला लागून, आणि तिकीट ब्रॉंक्सच्या, म्हणजे यांकीजच्या मैदानाच्या, मानाने अगदीच किरकोळ. (आमची ही तर आधी इथल्याच मंदिरात बालाजीचं दर्शन उरकून मग मॅचला येते.)

अँथनी व्होल्पी जवळच्याच वॉचंगमध्ये वाढलेला. २०२२ चा बहुतेक सीझन इथे खेळला, सप्टेंबरात एक पायरी वर, ट्रिपल-एला स्क्रँटनला गेला आणि २०२३ च्या पहिल्याच सामन्यात यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक)! त्याच वर्षी गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कारही. डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकांच्या) मागे बसलं की चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज ऐकू येतो, ते टीव्हीवर कुठलं?

एकच टिप: दुखापतीतून सावरणारे मोठे खेळाडू सरावासाठी खाली येतात, तेव्हा तिकिटं भराभर संपतात. आणि सोमवारी जाऊ नका, मालिका मंगळवार ते रविवार असते. मी एकदा हात हलवत परत आलोय.