निबंधातील विधानाला पुरावा जोडायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : द्वितीय वर्ष कला (इतिहास), पुणे

नमस्कार. अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ या विषयावर मी आठ पानांचा निबंध दिला होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन, १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सर्वत्र लागू झालेली सक्ती, गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा हे सारे टप्पे त्यात सनावळीसह आले होते. तरीही निबंध परत मिळाला तेव्हा पहिल्याच पानावर सरांनी लाल शाईने ‘ही जंत्री झाली, निबंध नव्हे’ असे लिहिले होते, आणि ‘फुले यांनी पेरलेला विचार गोखले यांच्या विधेयकात फळाला आला’ या माझ्या वाक्याखाली रेघ ओढून ‘पुरावा?’ एवढेच विचारले होते. दोघांचीही साले मी दिली आहेत. मग आणखी कोणता पुरावा द्यायचा, हेच मला उमगत नाही. सोमवारी निबंध पुन्हा द्यायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

तुमच्या सरांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. १८८२ आणि १९११ या दोन सालांवरून एक गोष्ट आधी घडली आणि दुसरी नंतर, एवढेच ठरते; पहिलीमुळे दुसरी घडली हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायचे तर गोखले यांच्या एखाद्या भाषणात, पत्रात किंवा लेखात फुले यांच्या निवेदनाचा उल्लेख दाखवावा लागेल. गोखले यांची भाषणे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ती वाचलीत तर ते दाखला देतात तो बडोद्याचा, असे तुमच्या ध्यानात येईल. म्हणजे हाती असलेला पुरावा तुमच्या वाक्याकडे न जाता दुसरीकडेच बोट दाखवतो. यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण चांगला निबंध पुष्कळदा अशाच जागी सुरू होतो.

आता दोन्ही मागण्या शेजारी ठेवून पाहा. फुले यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे असे म्हटले, आणि त्यासाठी सरकारी महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असा युक्तिवाद केला. गोखले यांच्या विधेयकात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून सुरुवात होती. त्यातही सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी ठरवायचे होते, आणि त्यासाठी सरकारची मंजुरी लागणार होती. ‘सक्ती’ हा शब्द दोन्हीकडे आहे, परंतु कोणावर, किती वयापर्यंत आणि कोणाच्या अधिकाराने, या तिन्ही बाबतींत फरक आहे. ‘पुण्यातच कार्य केलेल्या या दोन नेत्यांनी सक्तीची मागणी केली, पण त्यांना अभिप्रेत असलेली सक्ती वेगवेगळी होती’ असे विधान तुम्ही केलेत, तर ते तुम्हाला हातातल्या साधनांवरून सिद्ध करता येईल.

परिच्छेदाची मांडणी मी विद्यार्थ्यांकडून पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर करून घेत असे. कार्डाच्या एका बाजूला उतारा आणि पृष्ठक्रमांक, दुसऱ्या बाजूला ‘यावरून काय ठरते?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर. मागची बाजू कोरी राहिली तर ते कार्ड निबंधात घ्यायचे नाही, असा माझा दंडक होता. तुमच्या आठ पानांतील बरीच कार्डे मागून कोरी असावीत असे मला वाटते, आणि सर ज्याला जंत्री म्हणतात ती हीच.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, कोथरूड

बाईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे; फक्त एक भर घालतो. विधान आधी पक्के करून मग त्याला सोयीचे तेवढेच उतारे वेचण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना लागते, म्हणून विरुद्ध जाणारा एखादा पुरावा स्वतःहून शोधून निबंधात घ्यावा. गोखले यांची सक्ती सौम्य होती असे तुम्ही लिहिलेत, तर १९१२ मध्ये तेच विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले हेही सांगणे भाग आहे. इतकी मर्यादित मागणीसुद्धा ज्या सभागृहात मान्य झाली नाही, तिथे गोखले यांनी ती मर्यादित का ठेवली असावी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच, आणि त्याला उत्तर देणारा परिच्छेद कदाचित तुमच्या निबंधातील सर्वांत चांगला परिच्छेद ठरेल.

आणखी एक खबरदारी घ्यावी. फुले यांचे हे निवेदन मुळात इंग्रजीत आहे. तुम्ही मराठी उतारा देणार असाल तर तो अनुवाद आहे असे तळटीपेत स्पष्ट लिहा, आणि अनुवादातील एखाद्या शब्दावर सगळा युक्तिवाद उभा करू नका. उतारा दुसऱ्या कोणाच्या ग्रंथात वाचला असेल तर तसेच नोंदवा. मूळ साधन पाहिल्याचा आभास निर्माण होता कामा नये.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल ग्रंथालयात बसून कार्डे केली. एकूण तेवीस झाली आणि त्यांतील अकरांची मागची बाजू कोरीच राहिली. निबंधाची सुरुवात आता अशी केली आहे : ‘फुले आणि गोखले या दोघांनीही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, मात्र फुले यांनी ती रयतेचा न्याय्य हक्क म्हणून मांडली, तर गोखले यांनी सरकारला मान्य होईल अशा मर्यादेत.’ बडोदे आणि २००९ चा कायदा यांचे काय करावे, एवढेच अजून ठरत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

सुरुवात चांगली झाली आहे. फक्त ‘सरकारला मान्य होईल अशा मर्यादेत’ हा गोखले यांच्या हेतूविषयीचा तुमचा निष्कर्ष आहे, म्हणून तिथे ‘असे विधेयकातील अटींवरून दिसते’ हे शब्द घाला आणि त्या अटी पुढच्याच परिच्छेदात द्या. बडोदे गोखले यांच्या परिच्छेदाआधी घ्या, कारण एका संस्थानात सक्ती प्रत्यक्षात आली होती हा त्यांच्या हातातील दाखला होता. २००९ चा कायदा मात्र काढून टाका. तो महत्त्वाचा आहे, परंतु तुमच्या विधानाच्या बाजूने किंवा विरुद्ध त्यावरून काहीही ठरत नाही. त्याची मोकळी झालेली जागा १९१२ च्या मतदानाला द्या.