शाळेत पोराला पैसे द्यायचे, की नुसता डबा?

रंकाळाकाठी
परवा इथं एका ताईंनी लिहिलं, "मुलांच्या हातात शाळेत एक रुपयाही देऊ नका. डबा द्या, संस्कार आपोआप होतात." खाली सगळ्यांनी हात जोडले. मी तेव्हा गप्प बसलो, पण दोन दिवस डोक्यातनं जाईना.

आमचा सातवीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत रोज सकाळी बूट घालता घालता "पप्पा, तीस" व्हायचं. उशीर नको म्हणून मीही खिशात हात घालायचो. महिन्याला साडेसातशे कुठं जातात हे ना त्याला माहीत, ना मला. आणि डबा? भेंडी-चपाती जशीच्या तशी परत, वर झाकणाला पाणी सुटलेलं.

जूनपासून पद्धत बदलली. सोमवारी 100 रुपये, सगळ्या दहाच्या नोटा, शनिवारपर्यंत. संपले तर संपले. पहिल्या आठवड्यात मंगळवारीच खडखडाट. बुधवारपासून गुमान भेंडी खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी 30 उरले, ते त्यानं कॉटवर मांडून दाखवले. आता वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो: वडा 15, बोरकूट 5, उसने 10 (परत आले नाहीत). ते कंसातलं शिकवायला कुठला संस्कारवर्ग लावला असता मी?

मंगळवारातली मावशी
ती ताई मीच. सरळ नाव घ्यायचं होतं की, आडून कशाला? पहाटे साडेपाचला उठून दोन डबे भरते मी. आमच्या पोरांना आजवर एक रुपया दिलेला नाही आणि डबे रिकामे येतात. तुमची भेंडी परत येते त्याला पैसे कारण नाहीत, भेंडी कारण आहे.

रंकाळाकाठी
भेंडी मी करतो. आमच्यात सकाळचा डबा माझ्याकडं असतो.

मंगळवारातली मावशी
मग तर बोलायलाच नको.

सातवी गल्ली
माझी लेक नववीत. क्लाससाठी मोबाईल दिला, त्यात यूपीआय, खातं माझं. रोज सव्वाअकराला ऑफिसात माझा फोन टुणकन वाजतो: 20 रुपये गेले. परत टुणकन: 10 गेले. समोर साहेब बोलायलेत आणि माझ्या डोक्यात एकच, आता हिनं दहाचं काय घेतलं? संध्याकाळी विचारलं तर म्हणते, "आई, तू माझ्यावर पाळत ठेवतीस." नोटा बऱ्या. संपलेल्या तरी दिसतात.

बावडेकर
पैसे द्या नाहीतर नका देऊ, दारातला गाडा हलवा आधी. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 2020 चा नियम आहे. जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये विकायचे नाहीत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आतही नाहीत. कोण बघतंय? मी आमच्या शाळेत दोनदा अर्ज दिला. पोच मिळाली, पुढं काही नाही. तिसऱ्यांदा गेलो तर शिपाई म्हणाला, "साहेब, गाड्यावर सगळे मास्तरच असतात."

उत्तरेश्वर पेठकर
भावा, 50 मीटरमध्ये आमच्या पेठेत तीन गल्ल्या आणि एक तालीम बसते. सगळं उठवायचं म्हटलं तर आधी माझंच घर उठंल. माझे वडील 20 वर्षं शाळेच्या दारात चुरमुरे-फुटाणे विकत होते. त्यावर आम्ही तिघं शिकलो. गाडेवाल्याला चोर ठरवायच्या आधी हे ध्यानात ठेवा.

बावडेकर
चुरमुऱ्यांना कोण नाही म्हणतंय? तेल बघा, तेल. सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत काळं ठिक्कर. माझ्या पोराला त्या वड्यानं आठ दिवस झोपवलं होतं.

पुण्याची सून
मला वाटतं दोन्हींचा मेळ घालावा. रोज डबा आणि शुक्रवारी एक वडापाव, असं मी मुलीला सांगितलंय. तीही खूश, मीही.

उत्तरेश्वर पेठकर
वडापाव??

सातवी गल्ली
कोल्हापुरात कुठल्या शाळेच्या दारात वडापाव मिळतो तुम्हाला? आमच्याकडं वडा-ब्रेड.

पुण्याची सून
दोन्ही मैद्याचेच ना? लग्न होऊन नऊ वर्षं झाली, अजून मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड घशाखाली उतरत नाही माझ्या. सासूबाईंसमोर बोलत नाही, इथं बोलते.

उत्तरेश्वर पेठकर
वहिनी, कट प्यायला ब्रेडच लागतो. स्लाइस बुडवली की वरची तर्री निम्मी आत जाते आणि तरी हातात टिकते. पाव बुडवा, वरनं ओला, आतनं कोरडा. मिसळ झणझणीत असली की पाव नुसता बघत बसतो.

बेकरीवाल्याचा नातू
मला कोणी विचारलं नाही, पण आमच्यात तीन पिढ्या लादी पाव भाजला. ताजा पाव तुम्ही खाल्लाच नाही, म्हणून हे बोलायलाय. पहाटे चारला भट्टीतनं निघालेला आणून देतो, बुडवून बघा. ब्रेड मशीननं कापलेला, कागदात गुंडाळलेला, दोन दिवसांचा. त्याचा कसला अभिमान?

सातवी गल्ली
अभिमान नाही, सवय आहे. आणि जादा ब्रेडचे पैसे लावायला लागल्यापासनं तीही महाग पडायली.

बावडेकर
मी तेलाचं बोलत होतो.

निवृत्त मास्तर
वाचून राग आला म्हणून लिहितो. मी 31 वर्षं प्राथमिक शाळेत होतो. 1995 ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा महिन्याला 3 किलो तांदूळ घरी द्यायचे. व्हरांड्यात तराजू घेऊन आम्ही मास्तरच बसायचो. पोरं दप्तर रिकामं करून त्यात तांदूळ न्यायची, दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या पानांत दाणे सापडायचे. पुढं शिजवलेली खिचडी आली: पाचवीपर्यंत डोक्याला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. 2023 ला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं. त्या दिवशी एक पोरगं गैरहजर नसायचं. 2025 ला सरकारनं त्याचा निधी थांबवला. तेव्हा इथं एकानंही धागा काढला नाही. इथं पाव का ब्रेड चाललंय.

रंकाळाकाठी
सर, चूक मान्य. अंड्याचं मला खरंच माहीत नव्हतं. पण पैशाचं तुमचं मत काय?

निवृत्त मास्तर
द्या, पण थोडे. ज्याच्याकडं शून्य असतं ते पोरगं मधल्या सुट्टीत नळावर जाऊन नुसतं पाणी पीत उभं राहतं, हे मी बघितलंय. नाहीतर उधारी करतं.
आणि मिसळीबरोबर ब्रेडच.

मंगळवारातली मावशी
आमची पोरं उधारी करणाऱ्यातली नाहीत.

रंकाळाकाठी
ताई, राग मानू नका. शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लाल पुठ्ठ्याची एक लांबडी वही असते. बिनपैशाची निम्मी पोरं तिच्यात असतात. आमचाही होता, पाचवीत.

मंगळवारातली मावशी
तुमचा असेल. माझ्या संस्कारांवर यायचं काम नाही. आधी भेंडी कोरडी करायला शिका, मग आम्हाला अक्कल शिकवा.

सातवी गल्ली
माझ्या भाचीला आठवड्याचे 100 द्यायला लागले तर ती मैत्रिणींना 10 देऊन सोमवारी 12 घ्यायला लागली. बाईंनी घरी बोलावणं धाडलं. हा पण संस्कारच म्हणायचा का, रंकाळाकाठी?

रंकाळाकाठी
व्याज चूक. पण माझ्या पोराचे 10 अजून परत आले नाहीत, तिला वसुलीला पाठवता का?

पुण्याची सून
आज घरी विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, "पाव आणत जा की, मलाही चावायला सोपा." नऊ वर्षं!!

बेकरीवाल्याचा नातू
पत्ता कळवा, लादी पाठवतो.

मंगळवारातली मावशी
काल संध्याकाळी गेले होते त्या दुकानात. वही लाल नाही, निळी आहे. धाकट्याच्या नावावर 145 निघाले. सगळे कुरकुरे आणि पेप्सीकोला. दिले, पावती मागितली तर दुकानदार हसला.

सोमवारपासून पन्नास देणार आहे. शंभर नाही, पन्नास. रंकाळाकाठींनी उगाच उड्या मारू नयेत.

आणि त्याच पानावर खाली आमच्या मिस्टरांच्या नावानं 60 रुपये होते. मावा. ते मी दिलेले नाहीत.