विषय: उत्तर: दसरा चौकातलं प्रक्षेपण मध्येच तुटतंय (फ्लो लेबल)

मंडळी,
हॉलमधल्या लिनक्स मशीनवरची टीसीपीडम्पची (पॅकेटं टिपून दाखवणाऱ्या साधनाची) नोंद जोडली आहे. पत्ते तेच, पोर्ट तेच, पण मध्येच पॅकेटांवरचं फ्लो लेबल बदलतंय आणि पलीकडून रीसेट (कनेक्शन तोडणारा संदेश) येतोय. समजंना झालंय. लेबल आपणच ठरवून दिलं तर आपला व्हिडिओ आधी सोडतील का?
– सुहास, कोल्हापूर

सुहासराव,
नाही. लेबलामुळे प्राधान्य मिळत नाही, त्यासाठी शेजारचा ट्रॅफिक क्लास असतो. लेबल फक्त एवढंच सांगतं की ही सगळी पॅकेटं एका प्रवाहातली.

नोंदीत आयपीव्ही६ हेडरचे (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीचे) पहिले चार बाइट हेक्समध्ये बघा: ६००३७१४२. ६ म्हणजे आवृत्ती, पुढची दोन शून्यं ट्रॅफिक क्लास, उरलेले पाच हेक्स अंक म्हणजे २० बिटांचं लेबल. रीसेटच्या जरा आधी तेच ६००८२९०५ झालंय. ज्या ओळीत नवं लेबल पहिल्यांदा दिसतं, तिथला सीक्वेन्स नंबर (डेटाचा क्रमांक) वर आधीच येऊन गेलाय. म्हणजे पोच वेळेत आली नाही, लिनक्सने तेच पॅकेट पुन्हा पाठवलं आणि पाठवताना लेबल मुद्दाम बदललं. वाट खराब असेल तर दुसरी मिळावी, हा हेतू.

घोटाळा पलीकडे आहे. तिथला राउटर दोन्ही पत्ते आणि लेबल यांचा हॅश (त्यांवरून ठरणारा एक आकडा) काढून सर्व्हर निवडत असणार. लेबल बदललं की पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे जातं, त्याला हे कनेक्शन ठाऊक नसतं, तो रीसेट देतो. तो राउटर लिनक्सचा असेल तर आयपीव्ही६ची ‘फिब मल्टिपाथ हॅश पॉलिसी’ ही सेटिंग ० वरून १ करायला सांगा, मग पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल धरले जातात. तोवर आपल्या मशीनवर ‘ऑटो फ्लोलेबल्स’ ही सेटिंग ० करा. लेबल शून्यच राहील, बदलणार नाही.
– वैशाली

वैशालीताईंच्या उपायात एक मेख आहे. पोर्टवर हॅश काढला आणि पॅकेटचे तुकडे झाले, तर पोर्ट पहिल्याच तुकड्यात असतात. ऊसवाहू ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली सुटावी आणि पावती पुढच्याकडे राहावी, तसं. लेबल मात्र प्रत्येक ट्रॉलीवर रंगवलेल्या नंबरासारखं, तुकड्यातुकड्यावर असतं.

आत्ताच्या टीसीपीला ही अडचण सहसा येत नाही, पण पुढे यूडीपीवर एसआरटी (थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) लावणार असाल तर पेलोड, म्हणजे एका पॅकेटमधला व्हिडिओचा डेटा, १३१६ बाइटच ठेवा (१८८ बाइटांचे ७ व्हिडिओ-तुकडे). एसआरटीचे १६, यूडीपीचे ८ आणि आयपीव्ही६ हेडरचे ४० धरून १३८० होतात, पॅकेटच्या नेहमीच्या १५०० च्या मर्यादेच्या आत. १४५६ केलंत तर १५२० होतील आणि तुकडे पडतील. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर तुकडे करत नाही, ते आपलंच मशीन करतं, त्यामुळे नोंदीत लगेच दिसतील.

आणि सुहासराव, बदल करून पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा ती आयपीव्ही६वरच चाललीय ना, ते आधी बघा. आयपीव्ही४च्या हेडरमध्ये हे लेबलच नसतं.
– मंदार